बाळोत्याचा वास

वास आला आणि मी सवयीने खिडकीतून धुराड्याकडे पाहिलं. कारखान्याच्या कॉलनीत चौदा वर्षं काढलेला माणूस जळक्या साखरेचा वास आल्यावर दुसरीकडे कुठे बघणार? धुराडं थंड होतं. असणारच. त्या वर्षी गळीतच नव्हतं. लागोपाठ दुसरा पावसाळा कोरडा गेला, शिवारात होता नव्हता तेवढा ऊस छावणीतल्या जनावरांपुढे पडला, दसऱ्याला बॉयलर पेटलाच नाही आणि आता फाल्गुन सरत आला होता. जिथे मोळ्या पडायच्या त्या गव्हाणीत कुत्री झोपत होती. मळीच्या टाक्या कधीच्या खडखडीत झाल्या होत्या. कॉलनीत वास उरला होता तो तापलेल्या धुळीचा आणि टँकरच्या पाण्यातल्या गाळाचा. आणि मला सकाळी नऊ वाजता पाक जळल्याचा वास येत होता. मी चहा खाली ठेवला. स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं, चुलीवर काही नव्हतं. परत बाहेरच्या खोलीत आलो. वास दोरीकडून येत होता. दोरीवर माझ्या पोरीची बाळोती वाळत होती. न धुताच वाळत घातलेली, कारण घराला दोन घागरी पाणी मिळत असताना बाळोती धुवायची चैन कुणालाच परवडत नव्हती. ती उन्हात कडक करायची, झटकायची आणि पुन्हा वापरायची. मी एक बाळोतं ओढून नाकाला लावलं. मला राग आला. इतका की दोरीच हिसडून तोडावी असं वाटलं, आणि ती कुणाच्या गळ्याला लावावी हे न कळून मी तसाच उभा राहिलो.

कारण हा वास मला आधी सांगितला गेला होता. तीन वर्षांपूर्वी, ऐन गळितात, पहिल्या मुलाच्या वेळी. मुक्ता, म्हणजे माझी बायको, बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी म्हणाली होती, "अवो, बाळाच्या मुताला काकवीवानी वास येतोय." मी नुकताच लॅबमधून आलो होतो, अंगाला रसाचा चिकटा होता. मी हसलो. म्हटलं, "साखर कारखान्यात राहती अन् तुला काय अत्तराचा वास पायजे का?" "कावून हसता? खरंच येतोय." मी तिच्याच पदराचं टोक तिच्या नाकाला लावलं. "घे, ह्याला बी येतोय." ती पदर सोडवून बाळाकडे वळली. तो विनोद मी दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सांगितला, तिथून तो साखर शिजवतात त्या पॅनवर गेला, आणि दोन दिवस लोक मला बघून म्हणत होते, बंकटराव, पोरगं मळी गाळतंय म्हणे. मीही हसत होतो. कारखान्याचा केमिस्ट ना मी! आणि माझं नाक म्हणजे सगळ्या कारखान्यात नावाजलेलं. पॅनमध्ये साखर शिजताना पाक लागायच्या आधी मला कळायचं, मोठमोठे पॅनवाले शिफ्ट संपल्यावरही मला बोलावून घ्यायचे, जरा वास बघा म्हणून. मी जिना चढून जायचो, डोळे मिटायचो, हात वर करून सांगायचो की वाफ कमी करा. शेकडो क्विंटल साखर ह्या नाकाने वाचवली. आणि घरात पाच पावलांवर माझं लेकरू जळत होतं ते ह्या नाकाला कळलं नाही. बाहेर वास, आत वास, कपड्यांत, केसांत, भाकरीच्या पापुद्र्यात वास. पाण्यातल्या माशाला पाणी कधी कळणार, असं म्हणून मी सुटू शकतो. पण मुक्ताही त्याच कॉलनीत राहत होती आणि तिला दोन वासांतला फरक कळला होता, हे मी कुठे ठेवू?

दहाव्या दिवशी त्या मुलाने दूध पिणं सोडलं. मान मागे ताठ व्हायची, रडणं बारीक, मांजराच्या पिल्लासारखं. कारखान्याच्या जीपने आम्ही त्याला औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे पिकल्या केसांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, घाईत नसणाऱ्या. त्यांनी मुलाला उलटंसुलटं केलं, डोळ्यांत बॅटरी मारली, आणि मग केसपेपरवर पेन टेकवून विचारलं, "लघवीला काही वेगळा वास येतो का? गोडसर, जळक्या साखरेसारखा?" प्रश्न त्यांनी मला विचारला, कारण पुढे मीच उभा होतो. मुक्ता माझ्यामागे, पोराला दुपट्यात गुंडाळत होती, आणि तिने तोंड उघडलं होतं. हे मला दिसलं होतं. डोळ्याच्या कोपऱ्यातून स्वच्छ दिसलं होतं. तिने काही बोलायच्या आत मी शहाण्यासारखा हसून म्हणालो, "नाही हो बाई. आम्ही साखर कारखान्यातली माणसं. तसा वास आमच्या सगळ्यांनाच येतो." बाई हसल्या नाहीत. त्यांनी लिहिलं, वास : नाही. आणि मग साहजिकच त्यांनी दुसरीकडे शोधलं, मेंदूत पू, रक्तात जंतू, जे नेहमीचं असतं ते. प्रश्न बरोबर होता. उत्तर मी चुकवलं. अकराव्या दिवशी सकाळी मुलगा गेला. बारशाच्या एक दिवस आधी, म्हणजे त्याला नावसुद्धा नाही. मी त्याला मनात हाक मारायची ठरवली तरी काय म्हणून मारू?

त्यानंतर जे झालं ते आठवलं की माझे दात अजूनही एकमेकांवर घासतात. माझी आई, केशरबाई, हिने निकाल लावून टाकला. "मुक्तीच्या दुधातच खोट हाय. लेकरू दुधानं मेलं." वाईट हे की मुक्ता तिच्या भावाची पोर. आमच्याकडे मामाची पोरगी करायची असते. नसेल करायची तर आधी मामाची समजूत काढावी लागते. मुक्ता आठ वर्षांची असताना तिची आई गेली तेव्हापासून माझी आई म्हणत होती, ही माझ्याच घरात येणार. आमचं लग्न झालं तेव्हा सुंदररावमामा मांडवात सगळ्यांना सांगत फिरत होते, रक्तातलं रक्तात राहिलं. राहिलं खरं. मुक्ता सासूला आत्या म्हणायची आणि तीच आत्या तिच्या दुधाचा थेंब भिंतीवर टाकून त्यावर मुंगी चढते का बघत होती. मुंगी मेली तर दूध विषारी. मुंगी मेली नाही, उलट चार आणखी आल्या. तरी निकाल बदलला नाही. तीन वर्षं घरात हेच, उपास, गंडे, परळीला वैजनाथाला अभिषेक. मी? मी लॅबमध्ये होतो. गळितात आमच्याकडे दर दोन तासांनी रस तपासतात, दिवस असो रात्र असो. पहिल्या गाळ्याचा रस, मिसळीचा रस, पाक, मळी. बाटली आली की त्यात औषध टाकायचं, फिल्टर पेपरमधून गाळायचं, नळीत भरून दुर्बिणीतून बघायचं, वहीत मांडायचं. उसाचा दोष मी दोन तासांत पकडत होतो. पोराच्या मुताची बाटली मी एकदाही धरली नाही. आई दुधाला नावं ठेवत होती तेव्हा "हिने मला वास सांगितला होता" हे एक वाक्य मला बोलता आलं असतं. बोललो नाही. लाज वाटत होती असं मी स्वतःला सांगायचो. लाज कसली, मला सुखाने जेवायचं होतं.

बाळोतं हातात घेऊन मी आतल्या खोलीत गेलो. मुक्ता बाजेवर बसली होती, पोर मांडीवर. पोर डोळे मिटून होती, अंगावर घेतलं की दोनदा ओढायची आणि विसरल्यासारखी थांबायची. "मुक्ते," मी म्हणालो, "वास येतोय." तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. "कधीपासून येतोय?" "परवापासून." "मग बोलली कावून न्हाईस?" ती म्हणाली, "तुमी परत हसला असता." एवढंच. तिने पोरीचं तोंड पदराने पुसलं. मला वाटलं होतं मी तिच्यावर ओरडेन, दोन दिवस, मुक्ते, दोन दिवस घालवलेस. त्याऐवजी मी कमरेला लॅबची किल्ली आहे का ते चाचपलं.

कमरेची किल्ली काढून मी लॅब उघडली. नळीवर, काट्यावर, दुर्बिणीवर बोटभर धूळ. फिल्टर पेपरचा एक बंद डबा सापडला आणि एक झाकणाची काचेची बाटली. घरी येऊन ते गोल पांढरे कागद पोरीखाली घातले, दोन ओले झाले, ते खिडकीत वाळवले. बाटलीत चमचाभर मूत मिळालं. आई तोवर देवळीपाशी पाट मांडत होती. त्या दिवशी पाचवी होती. संध्याकाळी सटवाईची पूजा, मग सटवाई येणार आणि पोरीच्या कपाळावर लिहून जाणार. हळद, कुंकू, कोरा कागद, बोरू, सगळं काढून ठेवलेलं. मला बाळोती पिशवीत भरताना बघून ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"कुटं चालला?"

"औरंगाबादला. पोरीला घेऊन. मुक्ताला बी."

"डोकं फिरलं का काय तुजं? पाचवीच्या आत बाळंतीण उंबरा वलांडती का? आज सटवाई येनार हाय घरात."

"येऊ दे. तिला औरंगाबादचा पत्ता सांग."

"बंकट!"

"मागल्या बारीला आली होती ना ती? पूजा केली होती ना तू, साडी नेसवली होती? काय लिहून गेली ग? अकरा दिवस? सरक बाजूला."

आयुष्यात मी आईला सरक म्हणालो नव्हतो. ती सरकली नाही. मुक्ता पोरीला छातीशी धरून तिच्या समोर जाऊन उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "आत्या, जाऊ द्या." आई चौकट सोडून भिंतीला टेकली. बाहेर पडताना मला मागून तिचं रडणं ऐकू आलं. कणव आली असं लिहिलं तर खोटं होईल.

जीप नव्हती. ऑफिसात सुंभाच्या खाटेवर पडलेला कारकून म्हणाला, चेअरमनसाहेब नव्या छावणीच्या उद्घाटनाला गेलेत, जीप दिवसभर तिकडेच, शिवाय जीप खाजगी कामाला द्यायची नाही असा ठराव झालाय. सहकार! सभासदांचा कारखाना, सभासदांची जीप, आणि त्यात बसून एक माणूस बैलांच्या गळ्यात हार घालायला गेलेला. मी टेबलावर मूठ आपटली, धूळ उडाली, कारकून शिंकला. बाहेर टाकीपाशी टँकर रिकामा होत होता आणि भोवती बायकांची, घागरींची झुंबड. टँकरचा ड्रायव्हर कचरू, भीमनगरातला, अर्धवट उघड्या दारात पाय सोडून बसला होता. त्याला बीडला परत भरायला जायचंच होतं, पण सायंकाळी, दुसऱ्या वस्तीची खेप टाकून. मी त्याला काय झालंय ते दोन वाक्यांत सांगितलं. त्याने मुक्ताच्या हातातल्या गाठोड्याकडे पाहिलं.

"बसा वैनी. वर चढताना जपून."

"अन् आमची खेप?" बायकांतली दुसऱ्या वस्तीची एक ओरडली.

"मावशे, तुझं पानी उद्या बी येईल. हे लेकरू उद्या येईल का?" मग माझ्याकडे वळून, "साहेब, बीडच्या स्टँडवर सोडू का थेट नेऊ?"

"थेट नेलंस तर तुझी नोकरी जाईल."

"नोकरी कारखान्याची, टँकर कारखान्याचा. कारखान्याचंच लेकरू हाय. बसा तुमी."

बीड सोडल्यावर रस्ता तापलेला, दोन्ही अंगाला खुंट झालेली रानं. केबिनमध्ये डिझेलचा वास, कचरूच्या बिडीचा वास, तरीही दर थोड्या वेळाने मांडीवरल्या गाठोड्यातून तो गोड, करपलेला वास वर यायचा. आयुष्यभर ज्या वासावर पोट भरलं तोच वास. मी एकेकाचा हिशोब घेत होतो. आईचा, मामाचा, त्या हसणाऱ्या पॅनवाल्यांचा, ज्याने ठराव केला त्या चेअरमनचा. प्रत्येकाला मी मनात उभं करून शिव्या घातल्या आणि प्रत्येक जण शिव्या खाऊन निमूट निघून गेला. शेवटी रांगेत मीच उरलो. गेवराईच्या पुढे पोरीने डोळे उघडले, कुठेतरी वर बघितलं, परत मिटले. मुक्ता तिच्या तळपायाला बोटाने टिचक्या मारत होती, सारखी, थांबून थांबून. "झोपू देऊ नगा," ती म्हणाली. "त्यो बी असाच झोपला होता."

डॉक्टरीणबाई त्याच होत्या. केस आणखी पिकलेले. त्यांनी आम्हाला ओळखलं नाही, कशाला ओळखतील, आणि मला त्याचं बरं वाटलं म्हणून स्वतःचा राग आला. मी काही न बोलता बाटली, वाळलेले कागद आणि बाळोतं टेबलावर ठेवलं. त्यांनी बाळोतं नाकाशी नेलं आणि लगेच उठल्या. कोपऱ्यात मोरीशेजारी छोटीशी लाकडी घोडी, तिच्यात काचेच्या नळ्या. नळीत थोडी लघवी ओतली, वरून एका पिवळ्या औषधाचे थेंब. मी नळीकडे बघत होतो. आयुष्यभर मी नळ्याच बघितल्या. पातळ पिवळं पाणी आधी धुरकट झालं आणि मग ताक फुटल्यासारखं त्यात दाट पिवळं साकळलं. भिंतीवरल्या घड्याळात दोन मिनिटंही झाली नव्हती. दोन मिनिटं! माझ्या लॅबमध्ये रसाला ह्याच्या दसपट वेळ लागतो. एवढ्याशा कामासाठी माझा मुलगा गेला. बाई म्हणाल्या, कागद मुंबईला पाठवते, पक्कं तिकडून येईल, पण मी थांबणार नाही, आईचं दूध आत्ताच्या आत्ता बंद. नर्सने पोरीला उचललं, मुक्ताच्या मांडीवर नुसतं दुपटं राहिलं.

बाई परत बसल्या, केसपेपर ओढला. "नात्यात लग्न?" "मामाची मुलगी," मी म्हणालो. त्या लिहीत राहिल्या. मुक्ताने मध्येच विचारलं, "बाई, माझ्या दुधात खोट हाय का?" बाईंचं पेन थांबलं. "कुणी सांगितलं? दूध चांगलं आहे. दूध पचवायला शरीरात एक वस्तू लागते, ती हिच्यात नाही. ती न देणारे तुम्ही दोघं. निम्मा दोष तुमच्याकडून, निम्मा ह्यांच्याकडून. एकट्याकडून आला असता तर हे झालंच नसतं." मुक्ताने माझ्याकडे पाहिलं नाही. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "हे आत्याला लिहून द्याल का?" बाईंनी खरंच एक चिठ्ठी फाडली. मग पुढचा प्रश्न आला, जो येणार हे मला टँकरमध्ये चढल्यापासून माहीत होतं. "ह्याआधी मूल?" "एक. अकराव्या दिवशी गेला." "त्याच्या लघवीला असाच वास होता?" त्यांनी मलाच विचारलं. पुढे अजून मीच उभा होतो. मी बाजूला झालो. म्हणालो, "हिला विचारा."

"होता," मुक्ता म्हणाली. "तिसऱ्या दिवसापासून."

"मग तेव्हा डॉक्टरांना सांगितलं नाही?"

"तवा मला कुणी इचारलं न्हाई."

मी बाईंना सांगितलं की ते डॉक्टर म्हणजे तुम्हीच होता, आणि नाही म्हणणारा मी. आवाज चढला होता, कुणावर ते देव जाणे. मी वाट बघत होतो की त्या मला झाडतील. त्या म्हणाल्या, "मीही आईला विचारायला हवं होतं," आणि उठून पोरीकडे गेल्या.

पुढचे दिवस मोजून काढले. रक्तातलं विष निघावं म्हणून पोरीच्या पोटात नळी घालून पाणी भरायचं आणि काढायचं, शिरेतून साखरेचं पाणी, कसल्याशा जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. "जगेल असं मी म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "आज मरणार नाही एवढं म्हणते." मुक्ता मोरीत दूध पिळून टाकायची. एकदा मी दारात उभा असताना ती थांबली आणि म्हणाली, "बघा की. मुंगी आना एकादी." नंतर तिनेच सांगून टाकलं की ही बरी झाली तरी ती कॉलनीत परत येणार नाही. "पाऊस पडंल, बॉयलर पेटंल. मग तिथं मला हिचा वास कळायचा न्हाई." आजार हा जन्माचा होता, साधा ताप आला तरी उलटणारा, आणि आधी कळणार तो वासानेच. मी म्हणालो, मी राजीनामा देतो. ती म्हणाली, "तुमचं तुमी बघा."

बारावा दिवस उजाडला. अकरावा सरला होता. सकाळी पोर रडली, भुकेने, चांगली खणखणीत. आदल्या दिवसापासून तिला चमच्याने मोजून दूध सुरू झालं होतं. बाई फेरीला आल्या, सोबत केसपेपर. वर नाव लिहिलेलं, मुक्ताबाईचं बाळ. माझ्या हातात नुकतंच बदललेलं बाळोतं होतं. पेन टेकवून बाईंनी विचारलं, "वास?" आणि जुन्या सवयीने माझं नाक खाली वाकलं. मुक्ताने माझ्या हातातून बाळोतं काढून घेतलं.

"द्या हिकडं. तुमचं नाक कारखान्याचं हाय."

तिने डोळे मिटले नाहीत, पॅनवरच्यासारखा हात वर केला नाही. बाळोतं तोंडाजवळ धरून एकदा श्वास घेतला, मग दुसऱ्या टोकाला धरून परत एकदा. बाई थांबल्या होत्या. मीही.

"न्हाई," मुक्ता म्हणाली.

बाईंनी लिहिलं, वास : नाही. तोच रकाना, तेच अक्षर. मी ते उलट बाजूने वाचलं आणि मला इतका राग आला की बाहेर व्हरांड्यात जावं लागलं. मागून मुक्ताचा आवाज ऐकू येत होता, ती बाळोत्याची घडी करत बाईंना सांगत होती, "दुपारी परत बघते."